विश्लेषण : गोठ्यातली जुनी बुलेट पुन्हा रस्त्यावर आणायची, तर आधी रंग की कागद?

आमच्या मामांची बुलेट चिखली तालुक्यातल्या गावी एकोणीस वर्षे गोठ्यात उभी होती. तिला पऱ्हाट्यांचे भारे टेकवलेले, सीटमध्ये उंदरांचं बिऱ्हाड आणि टाकीचं झाकण गंजून टाकीला चिकटलेलं. मामा गेल्यावर मामेभावाने तिचा फोटो एका ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत तीन फोन आले. गावातल्या भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला होता. फोनवरच्या एकाने त्याच्या कितीतरी पट सांगितला आणि वर म्हणाला, 'कागद नसले तरी चालतील.'

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी गाडी विकू दिली नाही. ज्याला कागद नको असतात, त्याला गाडी नको असते. त्याला तिचे सुटे भाग हवे असतात, किंवा तिचा नंबर दुसऱ्या कुठल्या तरी गाडीला लावायचा असतो.

असे फोन आता अनेक घरांत येतात. जुन्या ब्रिटिश गाड्यांची हवा आहे. बजाज २०२३ पासून चाकणला ट्रायम्फच्या चारशे सीसीच्या गाड्या बनवते, टीव्हीएसने २०२० मध्ये नॉर्टन विकत घेतली आणि महिंद्र समूहाशी जोडलेल्या क्लासिक लेजंड्सने बीएसए हे नाव घेऊन २०२४ मध्ये गोल्ड स्टार भारतात आणली. नव्या गाड्या दिसू लागल्या की जुन्यांची आठवण निघते. मग मोबाइलवर गंजलेल्या सांगाड्याची दोन मिनिटांत चकाचक गाडी होणारे व्हिडिओ येतात. त्या दोन मिनिटांत जे दाखवत नाहीत, त्याबद्दल हा लेख आहे. मी मेकॅनिक नाही. पहिल्यांदाच हे केलं आणि चुकाही भरपूर केल्या.

बुलेट ब्रिटिश की मद्रासी?

दोन्ही. 'बुलेट' हे नाव रॉयल एनफिल्डने इंग्लंडातल्या रेडिच गावी १९३२ मध्ये वापरायला सुरुवात केली. आपण जिला बुलेट म्हणतो, ती मागच्या चाकाला शॉकअ‍ॅबसॉर्बर असलेली साडेतीनशेची गाडी दुसऱ्या महायुद्धानंतरची. भारतीय लष्कराला सीमेवर गस्तीसाठी ती पसंत पडली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया स्थापन झाली. सुरुवातीला इंग्लंडहून आलेले भाग इथे जोडले जात. पुढे साचे आणि यंत्रंही आली आणि १९६२ पर्यंत सगळे भाग इथेच तयार होऊ लागले. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला. मद्रासचा चालू राहिला आणि १९७७ पासून बुलेट उलट इंग्लंडला जाऊ लागली. जपानी गाड्यांपुढे तिथले बहुतेक कारखाने बुडाले, पण त्यांचं एक इंजिन आपल्याकडे जवळपास तसंच्या तसं २००८-०९ पर्यंत बनत राहिलं.

नवशिक्यासाठी ही मोठी सोय आहे. महायुद्धातली बीएसए एम-२०, मॅचलेस किंवा नॉर्टन १६-एच हाती आली, तर पिस्टन रिंगसाठीही इंग्लंडकडे बघावं लागतं. बुलेटचा पिस्टन, व्हॉल्व्ह, क्लचप्लेट अकोल्याच्या दुकानात सापडते, नाहीतर कुरिअरने येते. म्हणून पहिली जुनी गाडी हाती घ्यायची, तर ती बुलेटच असावी असं माझं मत आहे. जावा-येझदीही चांगल्या, पण त्या चेकोस्लोव्हाकियाच्या वळणाच्या, टू-स्ट्रोक. त्यांचा हिशोब वेगळा.

आधी कागद, ते का?

मी गाडी आणली त्याच आठवड्यात टाकी उतरवून रंगवाल्याकडे नेली. हे चूक होतं. खामगावच्या एका वयस्कर मिस्त्रींनी गाडी पाहिली, इंजिनाला हातही लावला नाही आणि म्हणाले, "भाऊ, पयले कागद पाहा, मंग नट खोला."

कागद पाहायचे म्हणजे काय, तर आधी इंजिन नंबर आणि चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचे. रॉकेलने पुसून, हवं तर कागद ठेवून वर पेन्सिल घासून ठसा घ्यायचा. मग तो आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहायचा. जुनी आरसी बुकं हाताने लिहिलेली. त्यांत ३ आणि ८ यांतला फरक कारकुनाच्या अक्षरावर असतो. नंबर जुळत नसेल, तर का जुळत नाही याचं उत्तर मिळेपर्यंत पुढचा एक रुपया खर्च करू नये. पूर्वी इंजिन बदलून बुकात नोंद न करणारे पुष्कळ होते.

दुसरी गोष्ट, नोंद संगणकात आहे का हे पाहा. परिवहन विभागाच्या 'वाहन' प्रणालीत जुन्या हाती नोंदी आपोआप दिसतातच असं नाही. दिसत नसेल, तर ज्या कार्यालयात गाडी मुळात नोंदली गेली, तिथल्या रजिस्टरवरून ती चढवून घ्यावी लागते. याला 'बॅकलॉग' म्हणतात. आता आपली गाडी एमएच-२८ मध्ये मोडत असली, तरी साठ-सत्तर वर्षांपूर्वीची नोंद दुसऱ्याच जिल्ह्यातल्या कार्यालयात असू शकते. १९५६ पर्यंत बुलढाणा मध्य प्रदेशात होता, हेही ध्यानात ठेवा.

तिसरी गोष्ट मालकीची. मूळ मालक हयात नसेल, तर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी ३१ नंबरचा फॉर्म असतो. सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचे पुरावे आणि इतर वारसांची संमती लागते. विकत घेतली असेल, तर २९ आणि ३०. बुक हरवलं असेल, तर २६, आणि त्याआधी पोलिसांत तक्रार. आमच्याकडे मामी, मामेभाऊ आणि दोन मावसबहिणीसारख्या वाढलेल्या मामेबहिणी. सगळ्यांच्या सह्या घेण्यातच एक उन्हाळा गेला. त्यात एका बहिणीने विचारलंच, "दादा, गाडी तुझ्या नावावर काहून?" प्रश्न रास्त होता. गाडी मामींच्या नावावर केली.

हे सगळं रंगाच्या आधी का, याचं एक अगदी साधं कारण आहे. चासीला सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग केलं, की ठोकलेले आकडे त्या जाड थरात बुजतात. मग तपासणीला गाडी नेली की निरीक्षकाला नंबर वाचता येत नाही, आणि खरवडलेला नंबर संशयास्पदच दिसतो. कोटिंगवाल्याला नंबरावर पट्टी लावायला सांगा आणि तो लावतो की नाही ते उभं राहून पाहा. इंजिनावरचा नंबर बफिंगच्या चाकाखाली झिजवणारेही असतात. चकाकी येते आणि ओळख जाते.

'व्हिंटेज' नोंदणी घ्यावी का?

केंद्राने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत यासाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात असलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली दुचाकी अथवा चारचाकी 'व्हिंटेज' ठरते. अर्ज २० नंबरच्या फॉर्मवर, सोबत विमा आणि जुनी आरसी. बाहेर देशातून आणली असेल, तर कस्टमचा कागद. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार, पुनर्नोंदणीचं पाच हजार. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदली, तर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात.

ऐकायला छान वाटतं, पण अट वाचा. अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती आणि या कामांसाठीचं जाणं-येणं, एवढीच मुभा. मुंबईत गॅरेजमध्ये चार गाड्या असलेल्या माणसाला हे पुरतं. चिखलीहून खामगावच्या बाजाराला जाणाऱ्याला पुरत नाही. रविवारी शेतात चक्कर मारणं 'तांत्रिक संशोधन' आहे असं पोलिसाला पटवता येईल का, हे ज्याने त्याने ठरवावं.

माझं मत असं, की गाडी चालवायची असेल, तर साधं नूतनीकरण करा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावं लागतं. तपासणी, पर्यावरण कर, विमा, पीयूसी, शिवाय २०१९ पूर्वीच्या गाड्यांना सक्तीची झालेली नवी नंबर प्लेट. उशीर झाला असेल, तर जादा शुल्क किती हे कार्यालयात विचारूनच पुढे जा. दलालाने सांगितलेला आकडा आणि खिडकीवरचा आकडा दोन्ही लिहून घ्या. व्हिंटेजचा मार्ग दुर्मीळ, महायुद्धकाळच्या गाड्यांसाठी ठेवावा.

एक गोष्ट मात्र सरकारने करायला हवी. व्हिंटेजचा नियम संग्राहक डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. वडिलांची, मामाची एकच गाडी सांभाळणारा माणूस त्यात कुठेच नाही. महिन्यातून काही दिवस किंवा वर्षाकाठी ठरावीक किलोमीटर चालवायची परवानगी दिली, तर कुणाचं काय बिघडणार आहे? अशी गाडी वर्षात जेवढा धूर सोडेल, तेवढा बसस्टँडवर उभी राहून गुरगुरणारी एक बस चार दिवसांत सोडते. (हे मोजलेलं नाही, नाकाने सांगतो.)

पाना का बसत नाही?

आता नट. इथे नवशिका पहिल्या दिवशीच हरतो. आपल्या घरातले पाने मिलिमीटरचे. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे नट-बोल्ट व्हिटवर्थ, बीएसएफ आणि सायकल थ्रेड या मापांचे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण ठरवलं, त्या वंशातले. गंमत अशी, की व्हिटवर्थ पान्यावर लिहिलेलं माप तोंडाचं नसतं, बोल्टच्या जाडीचं असतं. पाव इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड सुमारे १३.३ मिमी. म्हणजे तेराचा पाना शिरत नाही आणि चौदाचा ढिला बसतो. ढिल्या पान्याला जोर लावला, की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडा. मी दोन नट असेच घालवले. "चौदाचा नोका लावू, घसरते," हे मिस्त्रींनी नंतर सांगितलं. व्हिटवर्थचा जुना संच जुन्या बाजारात मिळतो. गाडीवर खर्च करण्याआधी तो घ्या.

आणि गाडी पूर्ण खोलू नका. पूर्ण खोललेली आणि मग कधीच न जोडलेली गाडी जवळपास प्रत्येक तालुक्यात एखाद्या पोत्यात सापडेल. आधी एवढंच पाहा: किक मारल्यावर इंजिन दाब धरतं का, प्लगवर ठिणगी पडते का, पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येतं का. इंजिन जाम असेल, तर किकवर उड्या न मारता प्लगच्या भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सोडून चार-आठ दिवस वाट पाहा. आमचं सहाव्या दिवशी सुटलं. त्याचा आवाज फार मोठा नव्हता, पण घरातले सगळे बाहेर आले.

जे खोलाल त्याचा आधी मोबाइलने फोटो काढा. प्रत्येक भागाचे नट वेगळ्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी. सिलिंडर झिजला असेल, तर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसतो, पण असं मोजक्याच वेळा करता येतं. म्हणून लेथवाल्याने 'करून टाकू' म्हटलं तरी आधी मोजायला लावा. ब्रेक उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात जातं. तोंडाला फडकं बांधून ओल्या कापडाने पुसा.

बॅटरी उलटी, पेट्रोल नवं

अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा धन टोक चासीला जोडलेला असतो. आजच्या सगळ्या गाड्यांत ऋण. गल्लीतला मुलगा सवयीने ऋण टोक चासीला लावतो आणि रेक्टिफायर जळतो. दोष मग 'इंग्रजी वायरिंग'ला. शिवाय बॅटरी सहा व्होल्टची. तिच्या दिव्यात राजूर घाट रात्री उतरायचा म्हणजे खड्डा समोर असल्याचा अंदाज करत जायचं. बारा व्होल्ट करून घेणाऱ्यांना शुद्धतावादी नाक मुरडतात. मला ते चुकीचं वाटत नाही. जुनं डायनॅमो पेटीत जपून ठेवा आणि जिवंत घरी या.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. २०२५ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्वत्र आहे. इथेनॉल उसासोबत मक्यापासूनही बनतं आणि आपल्या जिल्ह्यात मका पिकतो, त्यामुळे त्याविरुद्ध बोलणं जरा जिवावर येतं. पण जुन्या गाडीला ते मानवत नाही. ते हवेतलं पाणी ओढतं, टाकी आतून गंजते, जुनं रबर फुगतं, पेट्रोल कॉकमधलं बुचाच्या लाकडाचं सील खराब होतं, टाकीत लावलेला लेपही सुटू शकतो. उपाय फारसे महाग नाहीत. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, कार्बोरेटरमधला मुख्य जेट गरज पडली तर एक नंबर मोठा लावा आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी रिकामी करा. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोलही काढा. आम्ही ते विसरलो आणि दसऱ्याला जेटमध्ये हिरवट खर सापडली.

शिसं नसलेल्या पेट्रोलने व्हॉल्व्ह सीट जातात, ही भीती मात्र जरा जास्तच पसरली आहे. देशात फेब्रुवारी २००० पासून शिशाचं पेट्रोल नाही. बुलेटचं कॉम्प्रेशन साडेसहाला एक. पन्नास-साठच्या वेगाने चालवली, तर तिला त्याने फारसं काही होत नाही. समृद्धी महामार्गावर ती न्यायची नाहीच. तिथे दुचाकीला बंदी आहे, आणि ते बुलेटच्या ब्रेककडे पाहता बरंच आहे. त्या ब्रेकला थांबायचा विचार आधी कळवावा लागतो.

तेलाचंही एक पाहा. वर्षानुवर्षे साध्या तेलावर चाललेल्या, आत गाळ साचलेल्या इंजिनात एकदम आधुनिक डिटर्जंट तेल ओतलं, तर गाळ सुटून तेलाच्या बारीक वाटा बुजतात. इंजिन उघडून साफ केलं असेल, तर २०-५० चालतं. नसेल, तर आधी साफ करा.

किक मारणं ही वेगळी विद्या

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. आयुष्यभर नव्या गाड्या चालवलेला माणूस घाईत ब्रेक म्हणून गिअर दाबतो. पहिले आठ दिवस रिकाम्या मैदानात चालवा, हे खरोखर करा.

किकचं असं. पेट्रोल कॉक उघडा. किल्ली लावून हळू किक देत हँडलजवळच्या अ‍ॅमीटरकडे पाहा. काटा मध्यावर आला की पिस्टन जवळपास वर आहे. मग डाव्या हाताचा डिकम्प्रेसर ओढून किक किंचित पुढे सरकवा, डिकम्प्रेसर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या आणि मग अंगाचं वजन टाकून एकच लांब किक. अर्धवट, घाबरत मारलेली किक उलटते आणि घोट्याला लागते. त्याहून जुन्या गाड्यांत हँडलवर ठिणगी मागे-पुढे करायची दांडी असते. सुरू करताना ती मागे नसेल, तर दणका आणखी मोठा. चपलेवर किक मारू नका. मी मारली होती.

रोजची निगा फार नाही. दर हजारेक किलोमीटरला पॉइंटची फट तपासा. पंधरा थाऊ, म्हणजे साधारण ०.३८ मिमी. टॅपेट थंड इंजिनावर असे लावायचे, की पुशरॉड बोटाने फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. चेनला तेल, केबलला तेल, आणि प्रत्येक फेरीनंतर नटांवरून एक हात. या गाड्या थरथरून स्वतःला खोलत असतात.

मिस्त्री गेले, तर कोण?

ज्या मिस्त्रींनी मला पाना शिकवला, त्यांचं वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे. ते पॉइंटची फट पोस्टकार्डाच्या जाडीने लावतात आणि ती बरोबर निघते. मी फीलर गेजने मोजून पाहिली. खामगावचे चांदीचे कारागीर सगळ्यांना माहीत असतात. जिनिंग-प्रेसिंगच्या यंत्रांवर हात बसलेले, गनमेटलचा बुश लेथवर बेमालूम करून देणारे त्याच गावातले कारागीर मात्र कुणाच्या यादीत नाहीत. जिल्ह्यात खामगावला, बुलढाण्याला आयटीआय आहे. अशा दोन-तीन मिस्त्रींना वर्षातून पंधरा दिवस मानधन देऊन वर्गात उभं करायला मोठी योजना लागत नाही. नव्या मुलांना याचा उपयोग काय, असं विचारलं जाईल. चाकणला आणि चेन्नईला ज्या गाड्या बनतात, त्यांच्या इंजिनात बरंच काही बदललं, तरी पिस्टन अजून वर-खालीच जातो.

खर्चाचं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो, की मी ठरवलेली रक्कम दुप्पट झाली आणि वेळ तिप्पट. त्यातला जवळपास पाचवा हिस्सा पहिल्या आठवड्यातल्या त्या रंगात गेला, जो टाकीची गळती नंतर कळल्यामुळे पुन्हा खरवडावा लागला. दुसऱ्या वेळी फक्त टाकी आतून साफ करून घेतली. बाहेरचा जुना काळा रंग, कडेची सोनेरी रेघ जिथे उरली तिथे आणि बैलाने शिंग मारून पाडलेला पोचा तसाच आहे.

गाडी आता मामींच्या ओसरीत असते. इंजिनाखाली तेलाचा थेंब पडतोच. मिस्त्री म्हणतात, थेंब पडायचा थांबला तर तेल संपलं असं समजा. मामींनी खाली डालड्याचा जुना डबा ठेवलाय. त्यात जमलेलं तेल त्या दाराच्या बिजागऱ्यांना घालतात.